लाल शाईची चांदणी

ताई,

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शिक्षण मुंबईचं, लग्नानंतर लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले. सासऱ्यांचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल आहे, १९९१ पासूनचं. ते सर्जन, नवरा हाडांचा डॉक्टर, सासूबाई काउंटरवर बसतात. इथलं काम बघून मला धक्काच बसला. गेल्या जूनमध्ये मी केसपेपर बंद करून कॉम्प्युटर आणला, ऑपरेशन थिएटरात (ओटीत) चेकलिस्ट सुरू केली, हात धुण्याचे तक्ते लावले, सगळ्यांना युनिफॉर्म दिला, रोज सकाळी नऊला मीटिंग ठेवली. पुढं ‘मान्यता’चं, म्हणजे बाळंतपणाच्या चांगल्या सेवेचं, प्रमाणपत्र घ्यायचं आहे.

आठ महिन्यांत दोन सिस्टर सोडून गेल्या. चेकलिस्टवर सकाळीच सगळ्या खुणा करून ठेवतात. मीटिंगमध्ये खाली माना घालून बसतात. मी काही सांगितलं की थोरल्या सिस्टर सासऱ्यांना विचारून येतात आणि ते मला म्हणतात, “हळूहळू घे गं.” नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा.

थोरल्या सिस्टर इथं अठ्ठावीस वर्षं आहेत, पण बेजबाबदारपणा किती! परवा एका सिझरच्या आधी मी इंजेक्शन सांगितलं. त्या बाईला त्याची रिॲक्शन येते हे सिस्टरांना माहीत होतं, जुन्या केसपेपरवर त्यांनीच लाल चांदणी काढली होती म्हणे. तरी बोलल्या नाहीत. ऐन वेळी पेशंटच्या आईनं सांगितलं, मागच्या टायमाला अंगावर गांधी उठल्या होत्या, म्हणून वाचलो. (आईला मावशींनी पाठवलं, हे मागाहून कळलं.) मी सिस्टरांना सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून अबोला आहे. त्यांना काढून टाकू का? की मीच लातूरला वेगळी प्रॅक्टिस टाकू?

तुमच्या लेकीसारखी,
एक डॉक्टर

---

लेकीसारखी म्हणालीस, म्हणून ‘तू’च म्हणते.

तुझं पत्र वाचताना मी त्या चांदणीपाशी अडकले. तू ती गोष्ट सिस्टरांच्या बेजबाबदारपणाचा पुरावा म्हणून लिहिलीस. मी ती तीनदा वाचली आणि मला दिसलं ते असं, की सिस्टर बोलल्या. तुझ्याशी नाही, पण बोलल्या. त्यांनी मावशींना सांगितलं, मावशींनी पेशंटच्या आईला, आईनं तुला. ट्रेपासून तुझ्या कानापर्यंतचं पाच पावलांचं अंतर त्या निरोपानं तीन बायकांच्या तोंडून कापलं. पूर्वी हेच काम एक चांदणी करायची. केसपेपर हातात घेतला की ती डॉक्टरला दिसायची, कुणाला तोंड उघडावं लागत नव्हतं. तू कागद उचललेस, त्याबरोबर चांदणी गेली, आणि तोंड उघडायची सवय तर त्या हॉस्पिटलात कधी नव्हतीच. मग निरोप मागच्या दारानं आला. आला हे नशीब समज.

मी तेहतीस वर्षं भूल दिली. आम्हा भूलवाल्यांचं एक असतं, आम्ही कुठल्याच हॉस्पिटलचे नसतो आणि सगळ्याच हॉस्पिटलांच्या स्वयंपाकघरापर्यंत आमची ये-जा असते. सकाळी औशाला हर्निया, दुपारी निलंग्याला सिझर, रात्री अहमदपूरला मोडलेली मांडी. ओटीत शिरल्यावर दहा मिनिटांत कळतं, इथं कोण कुणाला घाबरतं.

एका हॉस्पिटलात, नाव नाही सांगत, ऑपरेशनआधी ज्या पेशंटला उपाशी ठेवायचं, त्याच्या खाटेला सिस्टर गॉजची पट्टी बांधायच्या. पुसणाऱ्या मावशीला वाचता येत नव्हतं, चहा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना यायचं पण ते वाचत नव्हते. पट्टी सगळ्यांना कळायची. नवा मॅनेजर आला, त्याला ते गबाळं दिसलं. त्यानं छापील पाट्या आणल्या. पुढच्याच आठवड्यात माझ्यासमोर टेबलावर आलेल्या माणसाला मी सवयीनं विचारलं, सकाळपासून काय खाल्लं? म्हणाला, “काही नाही मॅडम, निस्ता च्या अन् दोन पाव.” केस संध्याकाळवर गेली. पाटी त्याच्या उशाशीच लटकत होती.

म्हणजे जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. जुन्यात पुष्कळ घाणही असते, त्यावर पुढं येते. पण कुठलीही जुनी सवय काढण्याआधी ती कशासाठी पडली हे विचारायला एक दुपार पुरते. जूनमध्ये तू थोरल्या सिस्टरांना विचारलं होतंस का, की केसपेपरवर तुम्ही काय काय खुणा करता? कुणाचा कोपरा दुमडलेला, कुणाचा फोन नंबर मागच्या पानावर, कुणाचा नवरा ऊसतोडीला गेलेला म्हणून सहीला कोण येणार, हे सगळं त्या कागदांवर असतं. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी चौकट नाही.

आता बोलण्याचं. ही माझी स्वतःची फजिती आहे. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी तिसऱ्या केसला धावतपळत पोचले. आल्याआल्या सगळ्यांवर खेकसले, हे का नाही लावलं, ते कुठंय. पेशंट झोपवला, आणि ऑक्सिजनचा काटा खाली यायला लागला. माझ्या हाताला घाम फुटायच्या आत दाराआडून भरलेला सिलिंडर ढकलत मावशी आली. चावीसकट. केस संपल्यावर मी विचारलं, तुला माहीत होतं हा संपत आलाय? म्हणाली, “हौ की. सकाळीच बघितलं.” मग बोलली का नाहीस? ती माझ्याकडं बघून हसली. “तुमचा चेहराच तसा होता मॅडम.”

त्या दिवसाआधी मी स्वतःला फार प्रेमळ समजत होते.

तुझ्या चेकलिस्टचंही दुखणं हेच आहे. सकाळीच खुणा करून ठेवतात याचा तुला राग आला, मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ती १९ कलमांची शस्त्रक्रियेची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, त्याचे आकडे २००९ मध्ये आले. मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ वर आले, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. जग हरखलं. मग कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतानं ती सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचा हिशोब २०१४ मध्ये छापून आला, यादी वापरल्याचं जवळजवळ सगळेच सांगत होते आणि मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. कागद तोच होता.

आपल्याकडचं उदाहरण तुझ्याच शाखेतलं आहे. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांमध्ये बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणी शिकवायला, सोबत उभं राहायला माणसं दिली होती. दोन महिन्यांनी तिथं ठरलेल्या गोष्टींपैकी ७३ टक्के होत होत्या, इतर ठिकाणी ४२. शिकवणारी माणसं आठ महिन्यांनी थांबली. वर्ष भरलं तेव्हा ७३ चे ६२ झाले होते, आणि माता-बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नव्हता. तू तर फक्त कागद दिलास आणि सही मागितलीस.

आमच्याच जातकुळीतला एक अमेरिकन डॉक्टर आहे, पीटर प्रोनोव्होस्ट, भूल आणि अतिदक्षतेचा. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यानं मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच साध्या पायऱ्या लिहून काढल्या. पहिली हात धुण्याची. मग नर्सेसना सांगितलं, महिनाभर नुसतं बघा. एक तृतीयांशाहून जास्त पेशंटमध्ये डॉक्टर निदान एक पायरी गाळत होते. इथवर कुणीही पोचलं असतं. त्यानं पुढं व्यवस्थापनाकडून नर्सेसना अधिकार मिळवून दिला, की पायरी गाळली तर डॉक्टरला तिथंच थांबवायचं. नळीतून होणारा जंतुसंसर्ग जवळजवळ थांबला. माझ्या मते त्या पाच पायऱ्यांपेक्षा हा अधिकार मोठा होता. पायऱ्या तर डॉक्टरांना आधीपासून येत होत्या.

म्हणून तुझ्या ओटीत एवढं एकच कर. यादी थोरल्या सिस्टरांच्या हातात दे. त्या मोठ्यानं वाचतील, तू मोठ्यानं उत्तर देशील, आणि वाचून होईपर्यंत ब्लेड त्यांच्या ट्रेमध्येच राहील. तू मागितलंस तरी मिळणार नाही, असं तूच सगळ्यांसमोर सांग. पहिले काही दिवस हसतील, लाजतील, वाचताना अडखळतील. यादी मराठीत करून घे, तीही त्यांच्याकडून. चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हे त्या यादीतच आहे. हे सोडू नकोस. लातूरहून गाडी काढून येणाऱ्या भूलतज्ज्ञाला तुमच्या मावशीचं नाव माहीत नसतं, आणि ज्याला आपलं नाव माहीत नाही त्याला “सर, थांबा” म्हणायला जीभ वळत नाही.

यासाठी आधी एक काम करावं लागेल आणि ते तुला जड जाणार आहे. सिस्टरांची माफी मागायची. चहा पाजून, केबिनमध्ये, हळूच नाही. ओरडलीस सगळ्यांसमोर, तर हेही सगळ्यांसमोर. लांबलचक नको. “सिस्टर, त्या दिवशी पेशंट तुमच्यामुळं वाचली, आणि मी तुम्हालाच बोलले. चुकलं माझं. पुढच्या वेळी मला सरळ अडवा.” त्या म्हणतील, जाऊ द्या मॅडम. जाऊ देऊ नकोस, पुढच्या वेळी खरंच अडवलं की तिथल्या तिथं थँक्यू म्हण, त्यांचं चुकलेलं असलं तरी. पहिल्यांदा अडवल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडली, तर दुसरी वेळ येणार नाही.

आणि अडवणं सुरू झालं की तुला वाटेल हॉस्पिटल बिघडलं. इंजेक्शनाची वेळ चुकली, मॉप (पोटात रक्त टिपायची फडकी) मोजताना एक कमी आला, अशा गोष्टी रोज कानावर येतील. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. त्यांना वाटलं होतं चांगल्या वॉर्डांत चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. चांगल्या वॉर्डांत लोक चुका सांगत होते, बाकीच्या ठिकाणी झाकत होते. तुझ्या वहीत सध्या एकही चूक नसेल, तर काळजी कर.

आता मोठे डॉक्टर. “हळूहळू घे” हे ते तुला प्रेमानं म्हणतात, पण दाराबाहेर उभ्या असलेल्या सिस्टरला त्यात ‘हे करायची गरज नाही’ असं ऐकू येतं. एका गाडीला दोन कासरे झालेत आणि बैल जुन्या हाताला ओळखतात. सासऱ्यांशी संध्याकाळी बोल, ओपीडी आवरल्यावर. तक्रार करू नकोस, एक गोष्ट माग. म्हण, “पपा, एकदा सिस्टरांनी तुम्हाला सगळ्यांसमोर थांबवायचं आणि तुम्ही थांबायचं.” तू शंभर मीटिंगा घेतल्यास तरी जे होणार नाही ते त्या एका दिवसात होईल. मोठ्या डॉक्टरांना थांबवता येतं, हे एकदा दिसायला हवं.

त्यांना हे अगदीच अशक्य वाटलं, तर किल्लारीच्या भूकंपाची आठवण दे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्या हॉस्पिटलनंही बघितली असणार. त्या आठवड्यात मला मावश्यांनी हुकूम सोडलेत. “मॅडम, ही राहू द्या, त्या पोराला आधी बघा.” आणि मी ऐकलंय, कारण त्यांनी माझ्याआधी त्या पोराचा श्वास बघितला होता. कुणी कुणाला सर म्हणत बसलं नाही. महिन्या-दोन महिन्यांत सगळे पुन्हा आपापल्या पायरीवर जाऊन उभे राहिले, मीही. बोलता सगळ्यांना येतं. आपणच ते पुन्हा बंद करतो.

तुझ्या सासूबाई पत्रात अर्ध्या वाक्यात आल्या. काउंटरवर बसतात! अगं, पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात काउंटर म्हणजे राजधानी. कुणाची उचल बाकी आहे, कुणाची पोरगी नांदत नाही, कोण लातूरला मुलाखत देऊन आलंय, त्यांना सगळं माहीत असणार. त्या दोन सिस्टर का गेल्या ते त्यांना विचार. महिन्याला दोन हजार जास्त मिळाले म्हणून गेल्या असतील, तर त्याला ‘बदलाला विरोध’ असं नाव देऊ नकोस. तो पगाराचा प्रश्न आहे, पगारानंच सुटतो.

पाच बदल एकदम आणि तेही जूनमध्ये. पेरणीचा, पोरांच्या शाळेच्या फीचा महिना. युनिफॉर्म सध्या विसर. नऊची मीटिंग बंद कर. रात्रपाळी आठला सुटत असेल, तर रात्रभर जागलेली बाई तासभर कुणासाठी थांबते, फुकट, आणि तिची एसटी चुकते? त्यापेक्षा पाळी बदलताना खाटेखाटेशी उभं राहून पाच मिनिटं. हात धुण्याच्या तक्त्यांबद्दल तर मला हसू आलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या सिस्टर एका मगात हात धुवून चार बाळंतपणं करायला शिकलेल्या बायका आहेत, त्यांना हात धुण्याचं चित्र दाखवू नये. प्रत्येक खाटेशी हँडरबची, म्हणजे पाण्याशिवाय हातावर चोळायच्या औषधाची, बाटली लाव, संपली की भरायचं काम एकाला नावानिशी दे, आणि राउंडला आधी तू स्वतः हातावर घे. लेबर रूमचा नळ दुपारी चालतो का, हेही एकदा बघून ये.

कॉम्प्युटर ठेव, पण सहा महिने केसपेपर सोबत चालू दे. आणि बाजारच्या दिवशी त्यात नवीन काही सुरू करू नकोस, ऐंशी माणसं बाकावर असताना कुणी शिकत नाही. ‘मान्यता’ची १६ मानकं चांगली आहेत, फॉग्सीनं, म्हणजे तुम्हा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं, विचार करून केलेली आहेत. पण प्रमाणपत्राची घाई केलीस तर कागद पुन्हा सकाळीच भरले जातील.

हळूहळू न घ्यायच्या गोष्टीही सांगते, नाहीतर मी सिस्टरांची वकिली करते असं वाटेल. पोट शिवायच्या आधी मॉप मोजणे. ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणं, खरंच झालंय की नाही. आणि कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, तिला मांडीवर चापट मारणं. हे आपल्याकडच्या कित्येक लेबर रूममध्ये चालतं आणि ‘ती ओरडते म्हणून’ असं सांगितलं जातं. यात अठ्ठावीस वर्षांचा मान नाही, थोरल्या-धाकट्या नाहीत. मोजणी आणि ऑटोक्लेव्ह उद्यापासून चोख, ओरडणं-मारणं उद्यापासून बंद, आणि पुन्हा झालं तर घरी. इतकी ताकद एका ठिकाणी वापरायची असेल, तर बाकीच्या ठिकाणी ती राखून ठेवावी लागते. तू ती युनिफॉर्मवर खर्च केलीस.

सिस्टरांना काढू नकोस. त्यांना काढलंस तर उरलेल्यांना एवढंच कळेल, की बोललं तरी नोकरी जाते आणि गप्प बसलं तरी जाते. लातूरचं म्हणशील तर जागा वर्षभरानं बघ. तिथंही तुला कुणीतरी सिस्टर लागणारच आहे, आणि तिला तुझे पेशंट माहीत नसतील.

मात्र एक काम आजच. तू केसपेपर बंद केलेस म्हणालीस. जुने गठ्ठे कुठं ठेवलेत? दाखल पेशंटांचे कागद तीन वर्षं सांभाळावेच लागतात, हे तुला माहीतच आहे, पण मी त्यासाठी विचारत नाही. जिन्याखाली असतील तर वाळवी लागेल, काउंटरमागं असतील तर कुणीतरी रद्दीत घालेल. थोरल्या सिस्टरांना सोबत घे, एक चुणचुणीत पोरगी टायपिंगला बसव, आणि लाल चांदण्या असलेले कागद आधी बाजूला काढ. पुढच्या महिन्यात ज्यांची तारीख आहे त्यांचे सगळ्यात आधी.